गडवेवाले साहेब अन् माझं गळकं काम

माझ्या हातचं काम गळत नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, आमच्या तालुक्यात कोणालाही विचारा. शाळेची गच्ची माझी, पोस्टाची गच्ची माझी, दवाखान्यामागची पाण्याची टाकी माझी. ज्या गुरुजींनी मला चौथीत नापास केलं त्यांच्या घराचा स्लॅबसुद्धा मीच टाकला. गुरुजी वारले, स्लॅब अजून कोरडा आहे.

आम्ही ढीवर, मासे धरणारे. आमच्या झाडीपट्टीत गावागावाच्या डोक्यावर तलाव. तलावाची पाळ गळली की मासे गेले आणि खालचं धानही गेलं. तेव्हा गळणं ही गोष्ट लहानपणापासूनच आम्हाला वाईट. मी तरुणपणी कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्याच्या बांधकामावर गेलो, तिथं जाळं सोडून थापी धरली, पण पाणी अडवायचा स्वभाव तोच राहिला.

तरी उभ्या आयुष्यात एक काम मी असं केलं, की वरून पाणी टाकलं तर खालच्या खाली गडप. ते ज्या माणसानं माझ्याकडून करवून घेतलं त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे. लिहा म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर लिहिलं नसतं.

साहेब नगरपालिकेत ओवरसियर होते. कोकणातले. आमच्याकडे मुद्दाम कोण येते? बदली होऊन येतात आणि आल्या दिवसापासून परत जायचे अर्ज लिहितात. ह्या माणसानं अर्ज लिहिला नाही. एस.टी.तून उतरले, सामान खाली ठेवलं, वळकटीतून पितळेचा गडवा काढला. गडवा म्हणजे तांब्याच, जरा बुटका. तो स्टँडच्या नळावर भरला आणि तिथल्याच फरशीवर ओतला. मग हात मागं बांधून खाली पाहत उभे राहिले. कंडक्टरला वाटलं देवाचं काही असेल. त्यानं हात जोडले.

तेव्हापासून गावात त्यांचं नाव गडवेवाले साहेब. खरं नाव ऑफिसातल्या पाटीवर होतं, पण ती पाटी कोणी वाचत नव्हतं.

रस्ता दिसला की ओत. अंगण दिसलं की ओत. ओतलं की तोंडानं मोजायचं, एक, दोन, तीन. पाणी दिसेनासं झालं की थांबायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा, वही नसली तर तळहातावर. एका तेरवीच्या जेवणाला त्यांना बोलावलं होतं. पंगतीत बसल्या बसल्या आपल्या पेल्यातलं पाणी मांडवाखालच्या भुईवर ओतलं आणि थोड्या वेळानं समाधानानं म्हणाले, "अकरा." घरचा म्हातारा माझ्या कानाशी आला. "मिस्त्री, आज तं तेरवी हाय. हे साहेब अकरा काऊन म्हणून राह्यले?"

ऑफिसची सगळी मंडळी एकदा वाघ पाहायला मोहर्लीला गेली. बाकीचे जिप्सीत बसून आत गेले, साहेब गेटाबाहेरच्या पायवाटेवर गडवा घेऊन बसले. संध्याकाळी मंडळी तोंड पाडून बाहेर आली, वाघ दिसला नव्हता. साहेब मात्र खूष. सोमवारी मला रस्त्यात गाठून सांगितलं, "मिस्त्री, जंगलात पाणी चारात आत गेलं. चार म्हणायच्या आत. आणि तुमच्या गावात चारशे म्हटलं तरी ऐकत नाही."

"वाघ दिसला का जी?" मी विचारलं.

"कोण वाघ?" साहेब म्हणाले.

त्यांची माझी ओळख पोस्टाच्या गच्चीवर झाली. मी शिडीवरून वर चढलो तर हा उंच, वाकलेला माणूस भर उन्हात मांडी घालून बसलेला, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, समोर गच्चीवर पाणी. तोंडानं आठशे बारा, आठशे तेरा चाललं होतं. मला हातानं थांबा म्हटलं. हजार झाल्यावर उठले.

"ही गच्ची कोणाची?"

"माही," मी म्हटलं. "गळत नाई."

"उन्हानं वाळलं तेवढंच. आत थेंब नाही गेला. शाबास." आणि लगेच म्हणाले, "आता मला ह्याच्या बरोबर उलटं करून द्या."

मला वाटलं, ऊन लागलं.

पाऊस आला की सगळं गाव आत पळायचं आणि साहेब बाहेर पळायचे. छत्री नाही, टोपी नाही. चौकात उभे राहून पाणी कुठून येते, कुठं जाते पाहायचे, आणि खिशातून गेरूचा खडा काढून लोकांच्या भिंतींवर बाण काढायचे. पाणी जिथवर चढलं तिथं एक आडवी रेघ, खाली बाण. एका आठवड्यात अर्ध्या गावाच्या भिंतींवर लाल बाण झाले. आता नगरपालिकेच्या माणसानं भिंतीवर लाल खूण केली तर शहाण्या माणसानं काय समजायचं? लोकांनी रस्तारुंदी समजली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत शंभर माणूस घराचे कागद घेऊन हजर. एक म्हातारी तर साहेबांच्या टेबलापुढं बसूनच राहिली. "माहं घर पाडा, पण आधी मले पाडा." साहेब तिला म्हणाले, "आजी, घर नाही हो पाडत. पाणी तुमच्या दाराशी येतं, त्याला कुणी विचारलं का, बाबा तुला कुठं जायचंय?" म्हातारी म्हणाली, "मी काऊन विचारू? माहा काय पावना हाय?" साहेब खुर्चीतून उठलेच. "बरोब्बर. पाहुणाच आहे. दारात आला तर आत घ्यावा." त्यानंतर हे वाक्य त्यांनी गावात इतक्यांना ऐकवलं, की पाहुणे लोक आमच्या गावात यायचे कमी झाले.

आता खरी गोष्ट. आमच्या गावात नव्वदच्या पुढं गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले. आधी मुरूम होता, चिखल व्हायचा. सिमेंट झालं आणि बायांनी माझ्या नावानं नारळ फोडले. सगळे रस्ते मी टाकले. गुळगुळीत घोटाई, रेघ मारल्यासारखा उतार, पाणी उभं राहायचं काम नाही. आणि सगळ्या उताराच्या तळाशी मासळीबाजार. तिथं आमच्या ढिवरांच्या वीस-पंचवीस बाया बसतात. पहाटे तलावावरून मासे आणतात, दुपारपर्यंत विकतात. त्यात माझी बायकोही. रस्ते झाल्यापासून बाजारात पाणी साचायला लागलं. आधी घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. मला वाटलं, पाऊसच वाढला.

एका पावसात साहेब मला पोस्टाच्या चढावर घेऊन गेले. मी छत्रीत, ते भिजत. खिशातून कपड्याच्या निळीची पुडी काढली आणि वाहत्या पाण्यात सोडली. "चला, बघू कुठं जातं." निळं पाणी माझ्या रस्त्यावरून असं निघालं जशी वरात निघते. आम्ही दोघं मागोमाग. पहिलं वळण, दुसरं वळण, मारुतीचा चौक, न्हाव्याचं दुकान. कुठं अडलं नाही, कुठं मुरलं नाही. खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. काम असावं तर असं.

वरात मासळीबाजारात पोचली. माझी बायको उलट्या खोक्यावर बसली होती, पाय पाण्यात, टोपलं अर्धं पाण्यात. निळं पाणी टोपल्यात शिरलं. शिंगाडे मासे निळे, बोटरे मासे निळे.

"हे कोण केलं जी?" ती उठून उभी राहिली.

साहेब माझ्या मागून पुढं आले आणि मला म्हणाले, "मिस्त्री, काम फार चांगलं आहे तुमचं. वरचा एक थेंब वाटेत वाया गेला नाही. सगळं पाणी बाईंकडे पोचतं केलंत."

बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग टोपलं उचलून साहेबांच्या हातात दिलं. "निळे मासे आता कोण घेते, भाऊ? तुमीच न्या." साहेब मासे खात नव्हते. पण टोपलं डोक्यावर घेऊन गेले. दोन दिवस त्यांच्या क्वार्टरपुढं गावातल्या सगळ्या मांजरी बसून होत्या.

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेनं ठरवलं, मासळीबाजार नाक्याच्या पलीकडे माळावर हलवायचा. तिथं पाणी साचत नाही, पण तिथं माणूसही जात नाही. तलावापासून तिथं दोन कोस. डोक्यावर टोपलं घेऊन एवढं चालून जायचं, आणि तिथं घ्यायला कोण येणार? बाजार हलला की बायांचा धंदा संपला, हे सगळ्यांना कळत होतं. साहेब नगराध्यक्षांकडे गेले. नगराध्यक्ष भला माणूस, पण घाईचा. गडव्याला तर तो भ्यायचाच, कारण त्याच्या नव्या पायऱ्यांवर साहेबांनी एकदा पाणी ओतलं होतं आणि त्यानंतर तोच त्यावरून घसरला होता. तो म्हणाला, "साहेब, एक पावसाळा देतो. बाजारात काय करायचं ते करा. आषाढाच्या झडीत पाणी साचलं तं बाजार हलला, मंग मले सांगू नका."

साहेब बाजाराच्या नव्या भुईचं काम घेऊन माझ्या घरी आले.

"रेती नाही घालायची," म्हणाले.

"अजिबात?"

"अजिबात. बारीक गिट्टी, सिमेंट आणि जेमतेम पाणी."

"रेतीबिना सिमेंट? मंग फटीत काय भरन?"

"फटी रिकाम्या ठेवायच्या. पाणी जाईल कुठून नाहीतर?"

"अन् घोटाई?"

"थापीला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "मंग मिस्त्री कायले पायजे जी? मजूर लावा."

साहेब म्हणाले, "मिस्त्रीच पाहिजे. ज्याला पाणी अडवता येतं, त्यालाच ते कुठून निसटतं ते कळतं."

माणूस वेडा होता, पण बोलणं कुठं लागते ते त्याला बरोबर कळायचं. मी हो म्हटलं.

उन्हाळाभर खपलो. सगळा बाजार मांडीएवढा खोदला. तळ धुमसानं ठोकून बसवू दिला नाही, "खालची जमीन मोकळी राहू द्या." त्यावर मोठे दगड, त्यावर जाडी गिट्टी, सगळ्यात वर ते बिनरेतीचं. साहेब म्हणायचे, खाली पाण्याची धर्मशाळा आहे. पाऊस जोरात आला की पाणी आधी तिथं उतरणार, मग सवडीनं जमिनीत जाणार. माल कालवला की ते मुठीत घेऊन वळायचे. लाडू फुटला तर पाणी कमी, बोटांतून लगदा गळला तर पाणी जास्त. बरोबर असला की हात नुसता चमकायचा. मला ते पहिल्या दिवशीच जमलं, पण सांगितलं नाही. माल पसरला, हलक्या रुळानं दाबला, आठ दिवस ओली पोती आणि प्लास्टिक झाकून ठेवलं.

प्लास्टिक काढलं आणि मला माझ्याच कामाकडे पाहवलं नाही. सगळं भोकंभोकं. हाताखाली खरखर. गावानं तर पर्वणीच समजली. न्हावी दुकानातून ओरडायचा, "मिस्त्री, मुरमुऱ्याचे लाडू वळले का जी?" चहावाला म्हणायचा, "दोन लाडू घरी न्यायले देता का?" ते सोसलं. पण गुरुजींचा मुलगा आला, बराच वेळ पाहून म्हणाला, "काका, बाबांच्या स्लॅबातबी रेती टाकली होती ना?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

घरी बायको. "एवढे वर्स मिस्त्रीगिरी केली. लोकायले आरशासारखी भुई देली, अन् बायकोले बसायले हे."

उद्घाटन गुरुवारच्या बाजाराला ठरलं. साहेब आदले दोन दिवस मीटिंगला चंद्रपूरला गेले. आता आमच्या बायांची एक रीत आहे. बिनसारवल्या भुईवर त्या धंद्याचं टोपलं ठेवत नाहीत. नवी जागा असेल तर आधी शेण आणि मातीनं सारवायची, मग हळदीकुंकू, मग टोपलं. बुधवारी बायको म्हणाली, "अवो, तलावातली माती आना. दोन पोते."

तलावाच्या तळाची माती म्हणजे काय, ते मला विचारा. काळी, लोण्यासारखी. पाळीला भेग पडली की आम्ही तीच भरतो. जगात पाणी अडवणारी तिच्याएवढी वस्तू नाही. त्या भोकांच्या भुईवर ती माती फासली तर काय होईल, हे गावात दोनच माणसांना माहीत होतं. एक चंद्रपूरला होता.

दुसऱ्यानं सायकलवर दोन पोती माती आणून दिली.

मी स्वतःला सांगितलं, बायांची रीत आहे, आपण कोण मोडणार. बाया दुपारभर सारवत होत्या. हाताच्या बोटांची अर्धी गोल नक्षी, एकीला एक लागून, सगळा बाजार असा दिसायला लागला जसं लग्नघर. भोक एक दिसत नव्हतं. मला पहिल्यांदा ते माझं काम वाटलं. बाया हात धुवायला नळावर गेल्या तेव्हा बाजारातल्या पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यात थोडं ओबडधोबड राहिलं होतं. मी पिशवीतून थापी काढली आणि तेवढ्या कोपऱ्याला घोटाई दिली. दाबून. चकचकीत झाल्यावरच उठलो.

गुरुवारी नगराध्यक्ष आले, नारळ फुटला. साहेब चंद्रपूरहून थेट आले होते, हातात गडवा, चेहरा असा जसा मुलीचं लग्न आहे. "आता बघा," म्हणाले आणि गडवा ओतला. "एक, दोन, तीन..."

वीस झाले. चाळीस झाले. पाणी तिथंच. मग हळूच निघालं आणि नगराध्यक्षांच्या बुटाखाली जाऊन थांबलं.

नगराध्यक्ष म्हणाले, "साहेब, हे तं आमच्या जुन्या रस्त्यासारखंच हाय. मंग उन्हाळाभर खड्डा काऊन खंदला?"

गावात हशा. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गुडघ्यावर बसले, मग पार ओणवे झाले आणि भुईला नाक लावलं.

"शेण आहे," म्हणाले.

माझी बायको पुढं झाली, मोठ्या मानानं. "आम्ही सारवलं, भाऊ. तुमी आमच्यासाठी एवढं केलं, मंग आम्ही बिनसारवलं ठेवाव का?"

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. एक शब्द जड बोलले असते तर पंचवीस बायांनी तो जन्मभर लक्षात ठेवला असता. म्हणाले, "फार छान सारवलंय, बाई." मग नजर त्या नक्षीवरून फिरत फिरत कोपऱ्यात गेली. तिथं बोटांची नक्षी नव्हती. थापीची सरळ कड होती. तिथून नजर माझ्यावर आली, आणि लगेच नगराध्यक्षांकडे वळली. "झड यायला किती दिवस आहेत?"

"आठ-दहा."

"पुरेत."

बाया घागरी घेऊन धुवायला धावल्या तर साहेब आडवे आले. "पाणी नको. पाणी टाकलं तर माती आत उतरेल आणि कायमची बसेल. वाळू द्या." मृगाचा एक शिंतोडा होऊन गेला होता, पण पुढं ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी सारवण तडकलं, पापडासारखं सुटायला लागलं. साहेब आणि बाया खराटे घेऊन बसल्या. वरचं निघालं, पण भोकात बसलेलं निघेना. मग सायकलच्या चाकाच्या तारा आणल्या आणि एकेक भोक टोकरत बसले. नगरपालिकेचा ओवरसियर, मासळीबाजारात, पाय दुमडून, दात कोरल्यासारखा. गाव उभं राहून पाहत होतं.

मी गेलो नाही. माझं काम झालं होतं. सारवलं बायांनी, काढावं बायांनी.

चौथ्या दिवशी बायको घरी आली. बोटं सोललेली. मी खाटेवर होतो. ती म्हणाली, "सहा दिवस राह्यले. नाई निघालं तं मी माळावर बसन. दोन कोस. चालन तुमाले?"

"मी काय केलं?" मी म्हटलं.

"टाकीकडच्या कोपऱ्यात थापी कोन मारली, मी सांगू का? इतके वर्स तुमची घोटाई पाहून राह्यली मी." आणि मग फक्त, "उठा."

उठलो. बाजारात गेलो. साहेबांनी वर पाहिलं नाही. हात मागं करून एक तार पुढं केली. मी ती घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. न्हावी ओरडला, "मिस्त्री, भोकं पाडून राह्यले का?" मी म्हटलं, "होय. तुह्या दुकानाचंबी पाडून देऊ का?" दिवसभर तेवढंच बोललो.

दहाव्या दिवशी झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे आभाळ खाली टेकते. सगळं गाव बाजारासमोरच्या सोसायटीच्या पडवीत गोळा झालं, नगराध्यक्ष छत्रीत, बाया टोपली घेऊन एका बाजूला. माझी बायको पदर तोंडात धरून उभी होती. साहेब बाजाराच्या मधोमध भिजत उभे. त्यांनी वर चढावर शिपायाला निळीची पुडी देऊन उभं केलं होतं.

माझ्या रस्त्यांवरून वरात निघाली. मारुतीच्या चौकातून निळं पाणी आलं, न्हाव्याच्या दुकानापुढून वळलं, आणि बाजाराच्या कडेला पोचलं. एक क्षण सगळी कड निळी झाली. मला वाटलं, गेलं. मग ते पाणी पुढं यायचं थांबलं. येतच होतं मागून, पण पुढं जात नव्हतं. कडेच्या चार हातांतच खाली उतरत होतं. खालून आवाज येत होता, मडक्यात पाणी भरते तसा. साहेब मोजत नव्हते. बायाच मोजायला लागल्या, एक, दोन, तीन. त्यांचं सात झालं की पाणी गडप, पुन्हा येते, पुन्हा सात. दोन तास पाऊस पडला आणि बाजारात टाचेएवढंही पाणी उभं राहिलं नाही.

नगराध्यक्ष पाहायला म्हणून उतरले, इकडं तिकडं पाय आपटत फिरले, कुठं पाणी उडेना. फिरत फिरत टाकीकडच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांचा बूट थाळीएवढ्या डबक्यात पडला. तेवढं एकच डबकं होतं सगळ्या बाजारात. मी सहा दिवस तिथंच टोकरत होतो, पण काय करणार, घोटाई माझी होती.

नगराध्यक्षांनी बूट झटकला. "एवढं तं माह्या घरातबी साचते," म्हणाले. "बाजार इथीच राहू द्या."

बायांनी टोपली खाली ठेवली. त्या दिवशी माझ्या बायकोनं घरी बोटऱ्यांचं कालवण केलं.

लोक पांगल्यावर साहेब कोपऱ्यात आले. डबक्याकडे पाहून विचारलं, "हे डबकं कोणाचं, मिस्त्री?"

"मले नाई माईत, साहेब."

साहेब खाली बसले. "मलाही नाही माहीत," म्हणाले, आणि गडव्यानं ते पाणी उपसून बाजूच्या भोकांत ओतलं. ते लगेच आत गेलं.

दोन वर्षांनी त्यांची सिरोंच्याकडे बदली झाली. जायच्या दिवशी घरी आले, चहा घेतला, गडव्यात उरलेलं पाणी माझ्या अंगणात ओतलं. अंगण मी नुकतंच सिमेंटचं केलं होतं. पन्नासपर्यंत मोजून थांबले, माझ्याकडे पाहून हसले. मग एस.टी.त बसले. त्यांच्या हाताखाली मी पुढं काम केलं नाही, आणि त्या कोपऱ्याचं त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं, तर सांगायचं काय? हे आज पहिल्यांदा लिहिलं.

ते गेले त्या उन्हाळ्यात मी तो कोपरा छिन्नीनं फोडला. पुन्हा माल कालवला, मुठीत लाडू वळून पाहिला, टाकला. थापी घरी ठेवून गेलो होतो. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता मी म्हातारा झालो. बायको बाजारात बसत नाही, सून बसते. पण दर वर्षी मृगाच्या आधी आठ दिवस मी मासळीबाजारात जातो, सायकलची तार घेऊन, आणि खवले, माती, पान-तंबाखूचा कचरा, सगळं भोकाभोकातून काढतो. पोरं हसतात. मला पाहून एक, दोन, तीन मोजत जातात. मागच्या वर्षी नगरपालिकेचा नवा ओवरसियर मोटारसायकल थांबवून उभा राहिला.

"काय करून राह्यले, आजोबा?"

"काम पाहून राह्यलो. माहं हाय."

"गळते का काय?"

मी पिशवीतून गडवा काढला. माझा स्टीलचा आहे, साहेबांचा पितळेचा त्यांच्यासोबत गेला. नळावर भरला आणि टाकीकडच्या कोपऱ्यात ओतला. आम्ही दोघं खाली पाहत उभे राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "वीसच्या वर पावसाळे झाले. अजून गळते."